तीन पात्यांचं विमान

मुलीसाठी आलेलं स्थळ जलालुद्दीनला फार आवडलं होतं, आणि नेमकं हेच त्याला खटकत होतं.

आखाडा बाळापूरच्या बाजारात फवारणी पंपाचे सुटे भाग विकता विकता त्याचे केस पिकले होते. नोजल मागायला आलेला माणूस ‘शेजाऱ्यासाठी पाहिजे’ म्हणाला, की जलालुद्दीन ओळखायचा: पंप शेजाऱ्याचा आहे आणि मोडलाय यानं. ‘घाई नाही, सावकाश द्या’ म्हणणारा हमखास दुसऱ्या दुकानात भाव विचारून आलेला असायचा. अशा माणसाला कळमनुरीहून मुलाकडच्यांनी निरोप धाडला, आम्हाला फक्त मुलगी पाहिजे, बाकी काही नको. झालं. त्यांच्याकडे जाताना गाडीत तो बायकोला म्हणाला, “ज्याला काहीच नको असतं, त्याला काय पाहिजे असतं ते शोधलं पाहिजे.”

शाहिस्ता खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुमच्या अब्बांनी बी काही मागितलं नव्हतं.”

“म्हणून तर बोलतोय.”

पण तेव्हा त्याच्या हाती नुसता वास होता, पुरावा नव्हता. मुलगा रिझवान औषधाच्या दुकानात भागीदार, अंगानं नीट, बोलण्यात आदब. बाप शाकीर गाद्या-रजयांचा व्यापारी, घर स्वतःचं. आजी हलीमा सत्तरीच्या पुढची, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवणारी. सगळं जमेलाच पडत होतं. आणि ज्या हिशेबात नावे बाजूला काहीच पडत नाही, तो हिशेब कुणीतरी दुसऱ्यांदा लिहून काढलेला असतो, असं जलालुद्दीनचं मत होतं.

पुरावा त्याला दिसला तो त्यांच्या बैठकीत, सरबताच्या दुसऱ्या घोटाला. भिंतीवरच्या फोटोत.

इथं जलालुद्दीनचा शौक सांगितला पाहिजे, कारण त्याच्या बायकोनं तो आयुष्यभर लोकांपासून लपवला होता. त्याला जुनी विमानं ओळखायचा नाद होता. बाळापूरवरून विमान गेलंच तर ढगाच्याही वरून जातं. हा नाद त्याला कुठून लागला ते त्याचं त्यालाच ठाऊक. मोबाइलवर त्याचा एक ग्रुप होता. कुणीतरी कुठल्या तरी जुन्या धावपट्टीचा, हवाई कसरतींच्या जत्रेचा फोटो टाकायचा, आणि बाकीचे त्यातलं विमान ओळखायचे. शेपटीवरची अक्षरं, चाकाचा दांडा, खिडकीचा आकार, पंख्याची पाती. फोटोतल्या माणसांकडे कुणी बघायचं नाही. राजा उभा असो की रॉकेलचा रिकामा पिंप, दोघांची किंमत एकच: विमानाचा कुठला भाग झाकलाय, एवढीच.

तर शाकीरच्या भिंतीवर एका चौकटीत एक बसकं, दणकट विमान उभं होतं. पायलटची काचेची टपरी उंचावर, पंखाच्या वरून आधाराचा दांडा. आणि पंखाजवळ एक पोरसवदा माणूस, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, उजवा हात पंखावर असा टेकवलेला जसं काही विमान त्याच्या मामाचं. शेपटीवरची अक्षरं असायची तिथं नेमका हाच उभा.

“हे आमचे अब्बा,” शाकीर म्हणाला. “मकदूम. बहात्तरच्या दुष्काळात गेले. मी मांडीवरचा होतो.”

“विमानात होते?”

“कुठलं हो!” शाकीर हसला. “आमी तेव्हा सिद्धेश्वर धरणाकडं राहायचो. कापसावर फवारायला विमान यायचं तिकडं. ते हे विमान.”

जलालुद्दीननं पाती मोजली. तीन होती. परत मोजली. मग सरबत बाजूला ठेवून, “मला जरा शौक आहे,” म्हणत मोबाइलमध्ये फोटोचा फोटो काढून घेतला. हलीमा पदराआडून त्याच्याकडे बघत होती.

सुरुवातीला फवारणीला परदेशी विमानं होती. त्यातल्या त्याच बसक्या अंगाच्या विमानाला दोन पाती. तीन पात्यांचं हे विमान आपल्याकडे बंगळूरला बनलेलं, नाव बसंत. आणि बसंत शेतावर फवारायला लागलं ते दुष्काळ सरून कैक वर्षांनी. हे जलालुद्दीनला दुकानातल्या वायसरच्या मापांइतकं पाठ होतं. म्हणजे बहात्तरला जमिनीत गेलेला माणूस, त्यानंतर कैक वर्षांनी आलेल्या विमानावर हात टेकवून ऐटीत उभा होता.

विमान खोटं बोलत नाही. मग कोण बोलत होतं?

घरी येईपर्यंत त्यानं मकदूमला तीन जन्म देऊन टाकले होते. एकात तो बिदरकडे दुसरा संसार थाटून बसला होता. दुसऱ्यात तुरुंगात होता. तिसऱ्यात तो अजूनही जिवंत होता, आणि निकाह लागला की दुसऱ्या दिवशी दारात येऊन ‘माझा वाटा?’ म्हणणार होता.

“म्हणजे हलीमाखाला विधवा आहेत की टाकलेल्या?” त्यानं जेवताना विचारलं.

“तोबा करा,” शाहिस्ता म्हणाली. “म्हातारीच्या नवऱ्याशी आपल्याला काय करायचं? लग्न नातवाशी आहे.”

“जे घर मरणाबद्दल खोटं बोलतं, ते मिठामिरचीबद्दल काय खरं बोलणार? माझी लेक द्यायची आहे तिथं. एकुलती.”

लेक, आफिफा, शाळेत शास्त्र शिकवायची. बापानं मोबाइल तिच्यासमोर धरला तेव्हा तिनं फोटो बोटांनी मोठा केला, खाली सरकवला, वर सरकवला.

“अब्बा, हा माणूस...”

“माणसाकडं नको बघू. पंखा बघ, पंखा! पाती मोज.”

“तीन.”

“बराबर. आता सांग, दुष्काळात हे विमान कुठून आलं?”

“मला काय माहीत,” आफिफा म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

कळमनुरीवाल्यांनी शुक्रवारपर्यंत जवाब मागितला होता. शाहिस्ताचा ‘हो’ तयार होता. आफिफाचाही असावा, नसता तर तिनं सांगितलं असतं, ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. अडलं होतं ते जलालुद्दीनपाशी. त्यानं फोटोतल्या माणसाचं तोंड झाकून विमान ग्रुपवर टाकलं. बंगळूरच्या एका निवृत्त इंजिनिअरनं लगेच कळवलं: बसंतच, शंका नको, मध्ये कुणी कडमडलं नसतं तर नंबरही सांगितला असता. जलालुद्दीनला एकीकडे आपली पारख बरोबर निघाल्याचा आनंद झाला आणि दुसरीकडे लेकीच्या संसाराला तडा गेल्याचं दुःख. आनंद थोडा जास्त होता, हे त्यानं स्वतःलाही कळू दिलं नाही.

बुधवारी त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि सिद्धेश्वर गाठलं. सोयरिकीची चौकशी माणसाच्या नव्या घरी करत नाहीत, जुन्या गल्लीत करतात. नव्या शेजाऱ्याला रंगवलेली भिंत दिसते, जुन्याला तिच्यामागची ओल ठाऊक असते. शाकीरच्या जुन्या गल्लीत त्याच्या ओळखीचा एकच माणूस होता: दगडोबा. शेळ्या-मेंढ्या पाळायचा, थोडी शेती करायचा, आणि बाजारच्या दिवशी बाळापूरला आला की वस्तू न घेता भाव विचारून जायचा. म्हणून जलालुद्दीनचा त्याच्यावर थोडा विश्वास होता. त्यानं कधी काही खपवायचा प्रयत्न केला नव्हता.

दगडोबा मेंढवाड्याच्या कुपाला काटे लावत होता. “या जलालशेठ! दुकान सोडून आज इकडं कुणीकडं?”

“असंच. धरण बघावं म्हटलं.”

“धरण तिकडं ऱ्हायलं. ह्या मेंढ्या हायत.”

त्याची बायको नर्मदाबाई ओसरीवर ज्वारी निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “बसू द्या त्याह्यले. सोयरिकीच्या चौकशीला आलेला माणूस आधी धरणच बघत असतो. कोणाच्या पोराची करून राहिले, भाऊ?”

जलालुद्दीनचा सगळा बेत ओसरीवरच उघडा पडला. त्यानं शाकीरचं नाव सांगितलं. दोघांनी एका दमात त्या घराचं इतकं कौतुक केलं, की त्याला हे दोघंही सामील असल्याची शंका आली.

“आणि शाकीरचे अब्बा? मकदूमभाई?”

“लई गुणी माणूस. तापानं गेला. खडीच्या कामावर होता, दुष्काळात.”

“गेले म्हणजे... गेलेच?”

दगडोबानं काटे खाली ठेवले. “म्हंजी?”

“म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलं?”

“खांदा दिलाय म्या. पाहिलं का म्हून काय ईचारता?”

“चेहरा उघडा होता?”

“अवो, काहून असं?” नर्मदाबाईनं सूप आपटलं. “पोलिसातून येऊन राहिले का तुमी? माणूस मेला त्याची बी पावती पाह्यजे?”

आता पर्याय नव्हता. जलालुद्दीननं खिशातून मोबाइल काढला, फोटो मोठा केला आणि वकिलानं सुरी कोर्टापुढं ठेवावी तसा दगडोबापुढं धरला. “मग हा कोण? हे विमान दुष्काळानंतर कैक वर्षांनी निघालंय. मेलेला माणूस त्याच्यावर हात ठेवून कसा उभा राहिला?”

दगडोबानं डोळे बारीक करून बघितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. जलालुद्दीनला वाटलं, भेद फुटला म्हणून रडतोय. पण तो हसत होता.

“नर्मदे, अगं ये! आपलं कुत्रं बघ मोबाइलात!”

“कुत्रं?” जलालुद्दीन म्हणाला.

दगडोबा त्याला हाताला धरून आत घेऊन गेला. मधल्या खोलीत, देवांच्या तसबिरींच्या शेजारी एक फोटो होता. तरुण दगडोबा फेटा बांधून, त्याच्या शेजारी बारीकशी नर्मदाबाई नाकात नथ घालून. आणि मागं विमान. तेच. तीच तीन पाती, तीच काचेची टपरी. मागच्या बाभळीची तीच वाकडी फांदी. पंखाखाली सावलीत एक कुत्रं झोपलेलं, मागचा एक पाय ताणून. जलालुद्दीननं मोबाइल वर धरला. मकदूमच्या विमानाच्या पंखाखालीही कुत्रं होतं, मागचा एक पाय ताणून. इतके दिवस त्याला ते चाकाखाली लावलेलं लाकूड वाटत होतं.

“इमानापशी कोण जाऊ देतं?” नर्मदाबाई दारातून म्हणाली. “त्या औषधाचा वास लई वंगाळ. दोरी बांधलेली, शिपाई उभा. पन समद्या गावाला इमानासंगं फोटो पाह्यजे होता. मंग त्या फोटोवाल्यानं दोरीच्या अलीकडून एकडाव इमान काढलं. आन् शाळेच्या भिंतीला चादर बांधून आमाला उभं केलं. कापलं आन् चिटकवलं. जा, गल्लीत कोणाच्या बी घरी जा. हेच इमान, हेच कुत्रं.”

जलालुद्दीननं आता पहिल्यांदा पायाकडे बघितलं. विमानाची सावली डावीकडे जमिनीवर दाट पडली होती. बाभळीची पडली होती. नवरा-बायकोची कुठंच नव्हती. पायांशी ब्रशानं थोडं गवत काढलं होतं, तेही चुकून केळीच्या पानासारखं. मोबाइलमध्ये मकदूमच्या पायाशी तसलंच गवत. वर्षानुवर्षं लोकांनी टाकलेल्या फोटोंत खिळ्याएवढा फरक शोधणाऱ्या माणसाला बिनसावलीचा पुरुष दिसला नव्हता.

“पण मकदूमभाई तर तेव्हा नव्हतेच,” तो म्हणाला. “त्यांना कुणी उभं केलं?”

नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं. “ते हलीमाले ईचारा,” दगडोबा म्हणाला. “आमी कोणी कधी ईचारलं न्हाई.” मग त्याला एकदम परोपकार सुचला. “न्हाई तर थांबा, तुमाला तकलीफ कशाला, मीच लावतो की शाकीरले.”

“नको! नको, मी बघतो...”

पण फोन लागला होता, आणि फोनवर बोलताना दगडोबाला मधल्या मैलांवर भरवसा नसे. तो धरणाच्या पलीकडे ऐकू जाईल असा ओरडला, “शाकीर! अरे, तुझा व्याही येऊन राहिला हितं! ईचारतो, मकदूमभाई खरंच मेला का म्हून!”

शुक्रवारी नमाजेनंतर शाकीरची गाडी जलालुद्दीनच्या दारात थांबली. शाकीर उतरला, मागून हलीमा. दोघांच्या हातात काही नव्हतं. मुलाकडचे लोक रिकाम्या हातानं येतात त्याचा अर्थ शाहिस्तानं क्षणात लावला आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

“बसा खाला,” जलालुद्दीन म्हणाला.

“तुमी बसा. घर तुमचं आहे.” हलीमा खुर्चीवर टेकली. “ऐकलं, तुमाला काही ईचारायचं होतं. माझ्या घरी आले तवा फुरसत नसेल. आता ईचारा.”

जलालुद्दीनच्या जिभेवर चार सबबी येऊन गेल्या. प्रत्येकीत त्याला स्वतःला भोक दिसत होतं, मग म्हातारीला दिसलंच असतं. त्यानं खरं सांगून टाकलं. “विमान नंतरचं होतं, खाला. मला वाटलं, मकदूमभाई गेलेच नाहीत. कुठं तरी आहेत, आणि तुम्ही झाकताय.”

शाकीर ताडकन उठला. हलीमानं त्याला हातानं बसवलं.

“असते तर झाकलं असतं का? ओढून घरी आणलं असतं. विमान आलं तवा हा पोरगा शाळेत जायला लागला होता. गल्लीत घराघरात फोटो लागले. जिचा नवरा रोज दारू पिऊन मारायचा, तिच्या बी भिंतीवर नवरा विमानाजवळ उभा. म्हटलं, माझाच काहून नको? त्याचा एकच फोटो होता माझ्याजवळ, सायकलसोबतचा. फोटोवाल्याला दिला. तो म्हणाला, हात कुठं ठेवू? तो हात सायकलच्या सीटवर होता. त्यानं सायकल काढली, विमान ठेवलं.”

जलालुद्दीनला त्या हाताची ऐट आठवली, आणि त्यानं नजर चटईवर घातली.

“गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं,” हलीमा म्हणाली. “म्हणून कुणी बोललं न्हाई. तुमी पहिले. आता मी एक ईचारते. पोरीचा बाप, मेलेल्या माणसाच्या मरणाचा पुरावा शोधत गावोगाव फिरतो. उद्या ह्यांची लेक माझ्या घरी आली, आन् मी म्हटलं डोकं दुखून राहिलं, तर ती गोळी आणणार की साक्षीदार?”

“गोळी,” दारातून आवाज आला. “आधी गोळी. मग विचारीन, कधीपासून दुखतंय.”

आफिफा ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होती. जलालुद्दीन इतका भांबावला, की ‘आत जा’ म्हणायचंही राहून गेलं. आफिफानं ट्रे ठेवला आणि ओढणी सावरून हलीमासमोर खाली बसली.

“मला त्या दिवशीच दिसलं होतं, दादीअम्मा. त्यांना सावली नव्हती. ऊन असताना माणसाला सावली नाही, हे मी पाचवीच्या पोरांना शिकवते. म्हणून मी विचारलं.”

“कुणाला?”

“रिझवानला. त्यांनी सगळं सांगितलं. सायकलचं सोडून. ते त्यांना बी माहीत नाही वाटतं.”

हलीमा तिच्याकडे बघत राहिली. शाकीरच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“तुला ठाऊक होतं?” जलालुद्दीनचा आवाज चिरकला. “मी बुधवारी दुकान बंद ठेवून सिद्धेश्वरला गेलो! मला काहून नाही सांगितलं?”

“सांगत होते की. तुम्ही म्हणालात, माणसाकडं नको बघू.”

यावर शाहिस्ता पहिल्यांदा हसली, आणि मग ते हसू तिला आवरेना. हलीमानं आफिफाचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला, कापसाची प्रत बघावी तसा.

“काय म्हणाला आमचा पोरगा? खरं सांग.”

“म्हणाले, दादीअम्माला याच्याबद्दल काही बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल. मी म्हटलं, विचारलं तर वाईट वाटतं की न विचारता वाटतं, ते आधी त्यांनाच विचारून घ्या.”

“न ईचारता वाटतं,” हलीमा म्हणाली. “लई वर्षं वाटलं.” तिनं पोरीची हनुवटी सोडली आणि लेकाकडे वळली. “शाकीर, गाडीतला डबा आण.”

डबा गाडीत होता! जलालुद्दीनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारीनं मिठाई आणली होती, पण गाडीत ठेवली होती. इथला रंग बघून आत आणायची की तशीच परत न्यायची, ते ठरवणार होती. इतके दिवस आपणच एकटे तपासणीला निघालोय, असं त्याला वाटत होतं. त्याला म्हातारीबद्दल एकदम आदर वाटला. अशा घरात मुलगी द्यायला हरकत नव्हती. तिथं कुणी फसणार नव्हतं.

डबा आला. शाकीरनं पेढा त्याच्या तोंडाशी धरला आणि मिठी मारली. मिठीत थोडा राग होता, तो जलालुद्दीननं मुकाट्यानं मान्य केला. हलीमानं आफिफाच्या हातात नोट दाबली. बोलणी तारखांवर गेली, मग मंडपावर, मग औंढ्याचा आचारी चांगला की हिंगोलीचा यावर.

तेवढ्यात जलालुद्दीनला एक गोष्ट सुचली, आणि पेढा चावता चावता तो थांबला.

“आफिफा. रिझवानचा नंबर तुला कुणी दिला?”

आफिफानं आईकडे बघितलं नाही. इतकं ठरवून बघितलं नाही, की कुणालाही कळावं. शाहिस्ता उठली, अर्धे भरलेले ग्लासही रिकामे समजून ट्रेमध्ये गोळा केले आणि लगबगीनं आत गेली.

जलालुद्दीन तिच्या मागं गेला नाही. समोर सोयरे बसले होते. त्यानं दुसरा पेढा उचलला, आणि सगळे बोलण्यात गुंतलेत असं बघून, दुकान कुठलं ते वाचायला डब्याचं झाकण हळूच उलटं केलं.